स्मृतीची चाळणी आणि यंत्राचा भरवसा

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण ज्या काळात रूढ झाली, त्या काळी साठी गाठणारी माणसेच थोडी होती. आज ती थोडी राहिलेली नाहीत. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्या भारतीयांची संख्या १० कोटींच्या पुढे गेली होती, आणि एकट्या महाराष्ट्रात ती एक कोटीहून अधिक होती. आयुर्मान वाढले ही समाजाची मोठी कमाई होय. परंतु प्रत्येक कमाईबरोबर काही देणी येतात, तशी या कमाईबरोबर वार्धक्यातील स्मृतिभ्रंशाची समस्या आली. ज्या व्याधीला आपण आजवर ‘म्हातारचळ’ म्हणून हसण्यावारी नेले, ती मेंदूची व्याधी आहे आणि तिचा भार कुटुंबाला व समाजाला वर्षानुवर्षे वाहावा लागतो, याची जाणीव आता कोठे होऊ लागली आहे.

ही जाणीव होते न होते तोच तिच्यावरील एक उपाय बाजारात येऊन उभा राहिला आहे. टॅब्लेटच्या काचेवर बोटाने घड्याळ काढा, दाखविलेली चित्रे पुन्हा ओळखा, ऐकविलेले शब्द उच्चारून दाखवा. दहा मिनिटांत यंत्र तुमच्या स्मरणशक्तीचा ताळेबंद मांडून देईल, असे आश्वासन दिले जात आहे. मोबाइलवर टंकन करण्याचा वेग, मनगटी घड्याळात नोंदलेली चाल व झोप, बोलताना घेतलेले विराम, यांवरूनही बुद्धीची घसरण हेरता येईल, असे संशोधन जगभर चालू आहे. वृद्धांच्या आरोग्य शिबिरांत रक्तदाब आणि साखर यांच्या जोडीला ही नवी तपासणीही आता दिसू लागली आहे. ही तपासणी कोणाच्या हिताची आहे, तिचा खर्च कोण सोसतो, आणि तिचा निकाल हाती आल्यावर पुढे काय, हे तीन प्रश्न अर्थशास्त्राच्या एका अध्यापकाने विचारले तर ते अप्रस्तुत ठरू नयेत.

हे प्रश्न केवळ पुस्तकातून सुचलेले नाहीत. गेल्या काही वर्षांत अशाच एका शिबिरात माझ्या आईची तपासणी झाली. शिक्षण चौथीपर्यंत; पण आळीतल्या वीस बायकांची, महिना पाचशे रुपयांची भिशी ती वर्षानुवर्षे चालवीत आली होती. वही नावापुरती, हिशेब सारा डोक्यात. शिबिरातील मुलीने तिच्यापुढे टॅब्लेट धरून म्हटले, “आजी, घड्याळ काढा आणि काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर ठेवा.” आईचे बोट काचेवरून घसरत राहिले. आजची तारीख विचारली, तेव्हा तिने तिथी सांगितली. यंत्राला तिथी कळत नव्हती. निकालाच्या चिठ्ठीवर लाल खूण उमटली आणि ‘तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा’ असे वाक्य आले. त्या चिठ्ठीने आमच्या घरात काय घडले ते पुढे सांगेन. आधी या चाचण्यांचा थोडा इतिहास पाहणे आवश्यक आहे.

कागदापासून काचेपर्यंत

स्मरण व आकलन मोजण्याची जी प्रश्नावली जगभर सर्वांत अधिक वापरली गेली, ती अमेरिकेत १९७५ साली प्रसिद्ध झाली. मार्शल फोल्स्टीन, सुझन फोल्स्टीन आणि पॉल मॅकह्यू यांनी ती तयार केली. तीस गुणांची ही परीक्षा कागद, पेन्सिल आणि दहा मिनिटांचा वेळ एवढ्या भांडवलावर घेता येत असे. पाव शतक डॉक्टरांनी तिच्या प्रती काढून मुक्तपणे वापरल्या. २००१ साली तिचे हक्क एका प्रकाशन संस्थेकडे गेले आणि तेव्हापासून तिच्या वापरासाठी शुल्क मोजावे लागते. २००५ साली कॅनडातील मॉन्ट्रियल येथे झियाद नसरेद्दीन यांनी प्रसिद्ध केलेली ‘मोका’ ही चाचणी त्यानंतर लोकप्रिय झाली. तिच्या वापरासाठीही २०१९ पासून सशुल्क प्रशिक्षणाची अट आली. सार्वजनिक विहिरीवर रहाट बसवून पाण्याचे पैसे घ्यावेत, तसा हा प्रकार आहे. साधन जुनेच, ज्ञानही सामायिक; मालकी मात्र नवी.

आपल्या देशाच्या संदर्भात याहून महत्त्वाचा एक प्रयोग हरियाणातील बल्लभगड येथे झाला. अमेरिकेत रचलेली प्रश्नावली तेथील निरक्षर शेतकऱ्यांना जशीच्या तशी विचारली, तर धडधाकट माणसेही नापास होतील, हे तेथील संशोधकांनी ओळखले. ज्याने कधी वाक्य लिहिले नाही त्याला ‘एक वाक्य लिहा’ असे सांगण्यात काय अर्थ? म्हणून १९९५ साली मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या प्रश्नावलीचे हिंदी रूप सिद्ध केले. ते निव्वळ भाषांतर नव्हते. त्या गावच्या माणसाच्या जगण्यातून प्रश्न नव्याने घडविले गेले होते. बुद्धीची मोजपट्टी ज्याच्या त्याच्या आयुष्यातून काढावी लागते, हा त्या प्रयोगाचा धडा आहे. तीस वर्षांनंतर टॅब्लेटच्या झगमगाटात आपण तो विसरत चाललो आहोत.

संगणकावरील चाचण्याही अगदी आजच्या नव्हेत. केंब्रिज विद्यापीठात १९८० च्या दशकातच स्पर्शाने चालणाऱ्या पडद्यावर अशा चाचण्या घेतल्या जाऊ लागल्या. २०१६ साली जर्मनीतील एका मोठ्या दूरध्वनी कंपनीच्या पाठबळाने ‘सी हीरो क्वेस्ट’ हा मोबाइलवरील खेळ निघाला आणि जगभरातील चाळीस लाखांहून अधिक लोकांनी तो खेळला. समुद्रात वाट शोधण्याच्या या खेळातून दिशाज्ञानाविषयी एवढी माहिती गोळा झाली, की प्रयोगशाळेत ती जमविण्यास कित्येक दशके लागली असती. २०२१ साली ॲपल आणि बायोजेन या कंपन्यांनी फोन व मनगटी घड्याळाच्या साह्याने बुद्धीतील बदल टिपता येतात काय, हे पाहण्यासाठी मोठे संशोधन हाती घेतले.

यंत्राचे काही गुण निर्विवाद आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. यंत्र कंटाळत नाही, प्रत्येकाला तोच प्रश्न त्याच स्वरात विचारते. घड्याळ काढताना हात किती वेळ थबकला हे माणसाच्या नजरेतून निसटते. यंत्र ते नोंदविते. ज्या देशात मज्जाविकारतज्ज्ञांची संख्या अवघ्या काही हजारांच्या घरात आहे आणि त्यांतील बहुसंख्य मोठ्या शहरांत आहेत, तेथे तालुक्याच्या गावातील परिचारिकेच्या हाती एखादे विश्वसनीय साधन असणे ही मोलाचीच गोष्ट ठरेल. तेव्हा आक्षेप यंत्राला नाही. यंत्राने दिलेल्या आकड्यावर आपण जो भरवसा टाकू पाहतो, त्याला आहे.

अंकगणिताचा धडा

चाळणी आणि निदान या दोन भिन्न गोष्टी आहेत. तक्रार घेऊन डॉक्टरकडे गेलेल्या माणसाला तपासणे वेगळे आणि कोणतीही तक्रार नसलेल्या हजारो माणसांना एका रांगेत उभे करून चाळणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात एक साधे अंकगणित आडवे येते, आणि ते ज्यांना उमगलेले नसते त्यांची फसगत होते.

‘लासी’ या नावाने ओळखले जाणारे भारतीय वार्धक्याचे दीर्घकालीन सर्वेक्षण मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने देशीविदेशी विद्यापीठांच्या सहकार्याने हाती घेतले. २०१७-१८ मधील त्याच्या पहिल्या फेरीत ४५ वर्षांवरील सत्तर हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती गोळा झाली. त्याला जोडून दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या सहभागाने स्मृतिभ्रंशाचा स्वतंत्र अभ्यास झाला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अनुमानानुसार साठीपुढील भारतीयांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, इतके आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत ते अधिक आढळले.

आता साठीपुढील १०,००० माणसे घेऊ. त्यांपैकी ७४० जणांना व्याधी आहे आणि ९,२६० जणांना ती नाही. आपली चाचणी चांगल्यापैकी आहे असे मानू. म्हणजे शंभर रुग्णांतील ८५ रुग्ण ती अचूक पकडते आणि शंभर निरोगी माणसांतील ८५ जणांना ‘निरोगी’ म्हणते. अशी चाचणी ७४० रुग्णांपैकी ६२९ जणांना हेरील व १११ जण तिच्या छिद्रांतून निसटतील. परंतु त्याच वेळी ९,२६० निरोगी माणसांपैकी १,३८९ जणांवर ती लाल खूण करील. एकूण लाल खुणा २,०१८. त्यांतील खऱ्या केवळ ६२९. म्हणजे लाल खूण मिळालेल्या दर तिघांपैकी दोघांहून अधिक माणसे वस्तुतः निरोगी असतील. साठी नुकतीच ओलांडलेल्या वयोगटात व्याधीचे प्रमाण समजा दोनच टक्के असेल, तर दहा लाल खुणांमागे जेमतेम एक खरी ठरेल.

यात यंत्राचा दोष नाही. विरळ गोष्ट मोठ्या ढिगात शोधू गेल्यास असेच होते. विक्रेता ‘पंच्याऐंशी टक्के अचूक’ म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नाही, पण ऐकणारा त्यातून ‘मला व्याधी असण्याची शक्यता पंच्याऐंशी टक्के’ असा अर्थ काढतो. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली वैद्यकीय सेवेच्या अर्थकारणावर जो निबंध लिहिला, त्यात या बाजाराचे वेगळेपण अनिश्चिततेत आणि माहितीच्या विषमतेत असल्याचे दाखविले होते. विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला नसते. साडी घेताना पोत हाताला कळतो. चाचणीचा पोत हाताला कळत नाही.

शिक्षणाची परीक्षा की स्मृतीची?

वर मानलेली ८५ टक्के अचूकता हीदेखील आपल्याकडे उदारच म्हणावी लागेल. २०११ च्या जनगणनेनुसार साठीपुढील भारतीयांपैकी ४४ टक्केच साक्षर होते. पुरुषांत हे प्रमाण ५९ टक्के, तर स्त्रियांत अवघे २८ टक्के. २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ या वयोगटातील स्त्रियांपैकीही सुमारे एकतृतीयांशच स्त्रियांनी कधीतरी इंटरनेट वापरले होते. त्यांच्या सासवांची स्थिती काय असेल हे सांगायला नको. ज्या हाताने आयुष्यभर विळी, खुरपे आणि जाते धरले, त्या हाताला काचेवर हलके बोट फिरविण्याची सवय नसते. त्यात मोतीबिंदू असेल तर चित्र दिसत नाही, कान गेले असतील तर शब्द ऐकू येत नाही. यंत्र या सर्वांची बेरीज करते आणि तिला ‘बुद्धीची घसरण’ असे नाव देते.

‘मोका’ चाचणीत बारा वर्षे वा त्याहून कमी शिक्षण झालेल्यांना एक गुण वाढवून दिला जातो. बारावी झालेला आणि शाळेची पायरीही न चढलेला या दोघांत अंतर केवळ एका गुणाचे आहे, असे जो प्राथमिक शाळेत शिकवितो तो तरी मान्य करील काय? या अडचणीवर आपल्याकडे गंभीर कामही झाले आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने देशी भाषांतील चाचण्यांचा एक संच प्रमाणित होऊन २०२० साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्या पाच भाषा म्हणजे हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम. मराठी त्यांत नव्हती. आठ कोटींहून अधिक लोकांच्या मातृभाषेचे हे वगळले जाणे कोणाच्या आकसातून झाले असे नव्हे. पण आपली विद्यापीठे, वैद्यकीय महाविद्यालये आणि राज्य सरकार यांनी ती उणीव भरून काढण्याची निकड मानली पाहिजे. परदेशी कंपनीच्या चाचणीवर मराठी अक्षरे चिकटविल्याने ती मराठी होत नाही.

तपासणीनंतर काय?

जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ साली विल्सन आणि युंगनर या दोघांचा एक ग्रंथ प्रसिद्ध केला. कोणत्या रोगासाठी चाळणी करावी याचे दहा निकष त्यात दिले आहेत आणि वैद्यकजगतात ते आजही प्रमाण मानले जातात. रोगावर मान्यताप्राप्त उपचार हवा, निदानाची व उपचाराची सोय हवी, आणि खर्च एकूण वैद्यकीय खर्चाशी प्रमाणबद्ध हवा, हे त्यांतील काही. या निकषांवर स्मृतिभ्रंशाची सरसकट चाळणी कशी उतरते?

अमेरिकेतील रोगप्रतिबंधविषयक तज्ज्ञ समितीने २०२० साली निर्वाळा दिला, की तक्रार नसलेल्या वृद्धांची अशी चाळणी करावी वा करू नये हे सांगण्यास पुरावा अपुरा आहे. इंडियाना राज्यात चार हजारांवर वृद्धांचे दोन गट करून झालेल्या एका अभ्यासात, चाळणी झालेल्यांच्या जीवनमानात वर्षभरानंतर कोणताही फरक आढळला नाही. चाळणीमुळे त्यांच्यात नैराश्य वा चिंता वाढली असेही दिसले नाही, हे प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. अर्थात तो अभ्यास सुस्थित आरोग्यव्यवस्था असलेल्या देशातील होता. तेथील निष्पापता येथे गृहीत धरता येणार नाही.

ब्रिटनचा अनुभव अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावा असा आहे. तेथे २०१४ साली स्मृतिभ्रंशाच्या प्रत्येक नव्या निदानामागे कुटुंबवैद्याला ५५ पौंड देण्याची योजना निघाली. रुग्णांच्या डोक्यांवर इनाम लावल्याचा आरोप झाला, टीकेचे काहूर उठले, आणि मार्च २०१५ मध्ये योजना संपली. निदानाची मोजदाद केली की निदाने वाढतात. सेवा वाढतेच असे नाही.

उपचाराच्या बाजूला नवे काही घडले आहे, हेही खरे. अल्झायमर व्याधीच्या प्रारंभिक अवस्थेसाठी लेकॅनेमॅब या औषधाला अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली आणि जुलै २०२४ मध्ये डोनानेमॅबला. लेकॅनेमॅबने अठरा महिन्यांत घसरणीचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी कमी केला. घसरण थांबली मात्र नाही. मेंदूला सूज येण्याचा वा त्यात रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने वारंवार प्रतिमा-तपासणी करावी लागते. अमेरिकेत त्याची जाहीर किंमत वर्षाला २६,५०० डॉलर, म्हणजे २० लाख रुपयांहून अधिक ठेवण्यात आली. हे औषध आरंभीच द्यावे लागत असल्याने आरंभीचे रुग्ण शोधून काढण्याची निकड उत्पादकाला भासणे स्वाभाविक आहे. लेकॅनेमॅबच्या विक्रीत भागीदार असलेली बायोजेन हीच फोन व घड्याळाच्या संशोधनातही भागीदार होती. यात गैर काही नाही; विटांचा व्यापारी घरबांधणीला उत्तेजन देणारच. अर्थशास्त्रात याला व्युत्पन्न मागणी म्हणतात. फक्त चाळणीची मागणी रुग्णाच्या गरजेतून आली की औषधाच्या बाजारपेठेतून, याचे भान समाजाने ठेवावे. स्मरणशक्तीच्या भीतीवर धंदा कसा चालतो याचा दाखलाही उपलब्ध आहे. ‘मेंदूचे व्यायाम’ विकणाऱ्या ‘लुमोसिटी’ च्या चालकांनी बुद्धीची घसरण रोखण्याचे निराधार दावे केल्याबद्दल जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड करून २० लाख डॉलर भरले.

माहितीची मालकी

टॅब्लेटवर काढलेले घड्याळ कागदावरच्या घड्याळासारखे कपाटात पडून राहत नाही. ते कोठे जाते हे काढणाऱ्याला ठाऊक नसते. उद्या विमा कंपनीला, कर्ज देणाऱ्या पेढीला किंवा मालमत्तेवर डोळा असलेल्या नातलगाला ते गुणपत्रक मिळाले तर? निरोगी माणसे स्वस्त विमा घेतील आणि संशयित माणसे बाजाराबाहेर फेकली जातील. मृत्युपत्राच्या वेळी वडिलांची बुद्धी शाबूत नव्हती, असा दावा दहा वर्षांपूर्वीच्या शिबिरातील गुणांवरून केला जाईल. संसदेने २०२३ साली अंकीय वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा संमत केला. परंतु आरोग्यविषयक माहितीला अधिक संवेदनशील मानून तिच्यासाठी वेगळा वर्ग त्यात केलेला नाही. शिबिराच्या गर्दीत इंग्रजी मजकुराखाली उठविलेल्या अंगठ्याला ‘संमती’ म्हणणे ही भाषेची विटंबना होय.

खर्चाचा अग्रक्रम

एका कामावर खर्च केलेला रुपया म्हणजे दुसऱ्या कामाला नाकारलेला रुपया, हा अर्थशास्त्राचा पहिला पाठ आहे. तो येथे लावून पाहू. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणे सांगितली आणि ती सर्व दूर करता आली तर सुमारे ४५ टक्के रुग्ण टाळता वा लांबणीवर टाकता येतील, असे अनुमान केले. बहिरेपणा, दृष्टिदोष, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, प्रदूषित हवा, नैराश्य आणि एकाकीपणा ही त्यांतील काही. यांतील बहुतेक गोष्टी ओळखण्यासाठी कोणतेही नवे यंत्र लागत नाही. ७० ते ८४ या वयातील ९७७ व्यक्तींवर झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात श्रवणयंत्र देऊन एकूण गटात फरक दिसला नाही. पण ज्यांना धोका अधिक होता त्या गटात तीन वर्षांत बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली, असे २०२३ साली प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रात २०२४ साली आलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत चष्मा, श्रवणयंत्र, काठी अशा साधनांसाठी पात्र वृद्धाला एकदाच तीन हजार रुपये देण्याची तरतूद झाली. योजना स्तुत्य आहे, पण या रकमेत बरे श्रवणयंत्र येणे कठीण. मग पहिला रुपया कानावर खर्च करावा की कान तपासल्याविना घेतलेल्या स्मृतिपरीक्षेवर?

गावपातळीवर एक व्यवस्था आपल्याकडे आहेच. आशा कार्यकर्ती घरोघरी जो तपासणी-तक्ता भरते, त्यात साठीपुढील व्यक्तींसाठी एक साधा प्रश्न आहे: जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता तुम्ही विसरता काय? या प्रश्नाला काच लागत नाही. तो विचारणारी बाई त्या घराला ओळखते आणि उत्तर देताना सूनही शेजारी बसलेली असते. उणीव आहे ती उत्तर ‘होय’ आले तर पुढे कोठे पाठवायचे याची. तालुक्याच्या ठिकाणी थायरॉइड आणि बी-१२ जीवनसत्त्वाची रक्ततपासणी, कान व डोळ्यांची पाहणी, नैराश्याची विचारपूस आणि चालू औषधांचा आढावा एवढी सोय झाली, तर विस्मरणाची कित्येक बरी होणारी कारणे तेथेच सापडतील. उरलेल्यांसाठी यंत्राची मदत अवश्य घ्यावी. ‘लासी’ च्या स्मृतिभ्रंश अभ्यासात यंत्राचा वापर याच रीतीने झाला. शिकलेला कार्यकर्ता वृद्धाजवळ बसून प्रश्न विचारी, घरच्या माणसाकडूनही माहिती घेई, आणि ती माहिती संगणकावरून दूरच्या तज्ज्ञांपुढे जाऊन निर्णय ते घेत. तेथे यंत्र टपालवाला होते, न्यायाधीश नव्हते.

म्हणून काही मर्यादा आताच घालून घ्याव्यात. तक्रार असलेल्यांची तपासणी आधी. सरसकट चाळणी नको. चाचणी मराठीत, शिक्षणाच्या वेगवेगळ्या पातळ्यांसाठी प्रमाणित केलेली आणि सार्वजनिक मालकीची असावी. पहिल्या लाल खुणेचा निकाल चिठ्ठीवर हाती न देता दुसऱ्या तपासणीनंतर माणसाने माणसाला सांगावा. गुणांची नोंद विमा, कर्ज व मालमत्तेच्या व्यवहारांत निषिद्ध ठरावी. आणि ज्या तालुक्यात पुढील निदानाची सोय नाही, तेथे चाळणीचे शिबिर भरविण्यास परवानगी नसावी. कारण दार दाखवून ते बंद ठेवणे याला सेवा म्हणत नाहीत.

आता आईविषयी राहिलेले सांगतो. ती चिठ्ठी घरी आली त्या संध्याकाळीच आम्ही, म्हणजे मीच, तिचे बँकेचे पासबुक आणि कपाटाच्या किल्ल्या काढून घेतल्या. दूध उतू गेले की आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. पूर्वीही ते उतू जात होतेच. भिशीची वही तिने न बोलता शेजारच्या बाईंकडे दिली. शहरातील तज्ज्ञांची वेळ मिळण्यास सहा आठवडे लागले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, रक्तात बी-१२ कमी भरले, स्मृतिभ्रंश नव्हता. शस्त्रक्रिया झाली, औषधे झाली, किल्ल्या परत केल्या. भिशीची वही मात्र तिने पुन्हा मागितली नाही. “आता राहू दे, माझी काही चूक झाली तर लोकांचे पैसे आहेत,” एवढेच म्हणाली.

माझ्या गणितातील १,३८९ निरोगी माणसांपैकी ती एक. कोणत्याही अहवालाच्या खर्चाच्या रकान्यात ही वही नोंदली जाणार नाही. आणि ‘लॅन्सेट’ च्या चौदा कारणांतील एक कारण, आयुष्याच्या आरंभी पुरेसे शिक्षण न मिळणे, हे तिच्याबाबतीत चौथीनंतर शाळा सुटली त्या दिवशीच नोंदले गेले होते. आज सातवी-आठवीतून घरी बसविली जाणारी मुलगी आणखी पन्नास वर्षांनी अशाच कोणत्यातरी यंत्रासमोर बसेल. तिच्या स्मृतीची चिंता वाहणाऱ्या समाजाने ती आजच, तिच्या वर्गात जाऊन वाहणे अधिक स्वस्त आणि अधिक न्याय्य ठरेल.